सोलापुरातून जर्मनीला: जर्मन शिकणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी पायऱ्यांचा हिशेब

"जर्मनीला जायचंय" असं घरात सांगितलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. खरं तर त्याआधी एक प्रश्न आहे: किती दिवसांसाठी? 90 दिवसांच्या आत परत येणार असाल तर शेंगेन नावाचा अल्पकाळचा व्हिसा लागतो. त्याहून जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा, ज्याला सगळे डी व्हिसा म्हणतात. दोन्हींचे कागद वेगळे, पैसे वेगळे, मुदती वेगळ्या. आणि एकावर जाऊन तिथल्या तिथे दुसरा करून मिळत नाही. शेंगेनवर उन्हाळी कोर्सला गेलात, तिथे एखाद्या विद्यापीठानं प्रवेशही दिला, तरी परत येऊन डी व्हिसाची रांग धरावीच लागते. तेव्हा आधी मुक्काम ठरवा, बाकीचं त्यावरून ठरत जातं.

पायरी 1: तुमची जर्मन नक्की कुठे आहे

"दोन वर्षं जर्मन शिकतोय" याला अर्जात किंमत नाही. अर्जात ए1, ए2, बी1, बी2, सी1 या चढत्या पातळ्यांपैकी एक आणि तिचं प्रमाणपत्र लागतं. 45 मिनिटांची एक तासिका धरली तर गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज असा आहे: ए1 साठी 80 ते 200 तासिका, ए2 पर्यंत 200 ते 350, बी1 पर्यंत 350 ते 650, बी2 पर्यंत 600 ते 800. आठवड्याला चार तासिका करणाऱ्याला शून्यापासून बी1 गाठायला दोन वर्षं सहज लागतात. "तीन महिन्यांत बी1" अशी पाटी दिसली तर रोज किती तासिका घेणार, एवढंच विचारा.

सोलापुरात ए1, ए2 चे वर्ग मिळतात, ऑनलाइन तर कुठूनही करता येतं. मान्य परीक्षेसाठी मात्र बहुतेकांना पुणं गाठावं लागतं: बोट क्लब रोडवरचं गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथली प्रमाणपत्रं अभ्यासाच्या दृष्टीनं चांगलीच, पण जर्मन विद्यापीठ किंवा व्हिसा अधिकारी सहसा गोएथे, टेल्क, ओएसडी किंवा टेस्टडाफ यांतल्या एका परीक्षेचं प्रमाणपत्र मागतात. क्लासनं छापून दिलेलं "कोर्स पूर्ण केल्याचं" प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही.

बी1 पासून गोएथेच्या परीक्षेचे चार भाग सुटे देता येतात: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येकात 100 पैकी 60 हवेत. बी1 ला वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60 आणि बोलण्याची परीक्षा जोडीनं साधारण पंधरा मिनिटं. आपल्याकडची मुलं वाचनात तरतात आणि बोलण्यात अडकतात, विशेषतः पहिल्या भागात, जिथे जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं असतं. पाठ केलेली वाक्यं धाडधाड म्हणून टाकतात आणि समोरच्यानं वेगळा दिवस सुचवला की गप्प. परीक्षक तिथे समोरच्याला उत्तर देता येतं का तेच बघतो. महिनाभर रोज दहा मिनिटं कुणासोबत तरी "शनिवारी जमणार नाही, रविवारी चालेल का" या धर्तीवर बोलण्याचा सराव केला तर हा भाग निघतो. लेखनात तीन मजकूर असतात: मित्राला मेल, एका विषयावर मत आणि औपचारिक छोटा मेल. तिसऱ्यात "तू" आणि "आपण" यांची सरमिसळ झाली की गुण जातात.

गाडीचंही आताच बघून ठेवा. परीक्षा सकाळी नऊची असेल तर सोलापुरातून त्या दिवशी निघून भागत नाही. हुतात्मा साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोचते, वंदे भारतसुद्धा नऊच्या सुमारासच. आदल्या दिवशी जाऊन राहा. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी कधी उघडते याची तारीख लिहून ठेवा.

पायरी 2: मार्ग निवडा

*तीन-चार आठवड्यांचा उन्हाळी कोर्स.* ए2 किंवा बी1 वर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यासाठी आमच्या मते हाच पहिला मार्ग. जुलै-ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग, म्युनिक, लाइपझिग, बर्लिन अशा ठिकाणी विद्यापीठांशी जोडलेले कोर्स चालतात. लाइपझिगला हेर्डर इन्स्टिट्यूटमधली इंटरडाफ, बर्लिनला फ्री युनिव्हर्सिटीची फुबिस ही जुनी नावं आहेत. फी, खोली, जेवण, विमान, व्हिसा, विमा सगळं धरून ढोबळ अडीच ते साडेतीन लाख रुपये हाताशी हवेत.

यासाठी डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची शिष्यवृत्ती आहे, "होखशूलझोमरकुर्से" (विद्यापीठांचे उन्हाळी कोर्स) या नावाची. सुमारे अकराशे युरो आणि प्रवासखर्चाला हातभार अशी तिची रचना आहे. कोर्स किमान 18 शिकवण्याच्या दिवसांचा आणि आठवड्याला किमान 25 तासिकांचा असावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती सुरू होईपर्यंत दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत. मुदत साधारण 1 डिसेंबर, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज आदल्या दिवाळीच्या सुट्टीत तयार व्हायला हवा. इथेच सोलापूरची मुलं मागे पडतात: दिवाळीत आठवतं की प्रमाणपत्र अजून काढलेलंच नाही. म्हणून परीक्षा सप्टेंबरपर्यंत देऊन मोकळं व्हा. इंजिनिअरिंगवाल्यांनी एक लक्षात ठेवा: डीएएडीची राइज ही इंटर्नशिप योजना अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. भारतातल्या विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठी वाइज नावाची वेगळी योजना आहे, आणि तिच्यात आपली संस्था बसते का हे आधी पाहावं लागतं.

*एक सेमिस्टर.* इथे दोन दारं आहेत. पहिलं, तुमच्या विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा जर्मन संस्थेशी सामंजस्य करार असणं. केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आणि आपल्या प्राचार्यांकडे लेखी विचारा: करार आहे का, तुमच्या विषयाला लागू आहे का, अजून चालू आहे का. कागदावर असलेले पण मुदत संपलेले करार बरेच असतात. करार असेल तर तुमचं नाव इथूनच कळवलं जातं आणि शिक्षणशुल्क तिथे भरावं लागत नाही. दुसरं दार म्हणजे कराराशिवाय ठरावीक काळासाठी स्वतः अर्ज करणं. त्याला फ्री मूव्हर म्हणतात. सगळी विद्यापीठं घेत नाहीत, आणि घेणाऱ्यांत काही शुल्क लावतात.

मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबर ते मार्च, वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उन्हाळी सेमिस्टर एप्रिल ते सप्टेंबर, वर्ग जुलैच्या मध्यापर्यंत. आपल्याकडच्या सेमिस्टरशी यातलं एकही जुळत नाही. हिवाळ्यात गेलात तर इथल्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षा बुडतात आणि पुढचं सेमिस्टर अर्धं जातं. म्हणून विभागप्रमुखांकडून निघण्यापूर्वी लेखी मान्यता घ्या: कोणते विषय तिथे करणार, ते इथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार, राहिलेले पेपर कधी देता येतील. या कागदाला लर्निंग अग्रीमेंट म्हणतात. युरोपात एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिट, असतात, एक ईसीटीएस म्हणजे 25 ते 30 तासांचं एकूण काम. आपल्याकडे सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट. म्हणजे 6 ईसीटीएसचा विषय साधारण आपल्या 4 क्रेडिटला जातो. हा हिशेब तुम्हीच मांडून न्या, विभागात कुणाला तो तोंडपाठ नसतो.

*पूर्ण मास्टर्स.* इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम डीएएडीच्या शोधपानावर गाळणी लावून सापडतात. तिथे तुमची ए2 किंवा बी1 प्रवेशासाठी नसते, खोली शोधायला आणि अर्धवेळ कामाला असते. जर्मनमधून शिकायचं तर बहुतेक ठिकाणी टेस्टडाफमध्ये चारही भागांत टीडीएन 4 ही पातळी, किंवा डीएसएच या विद्यापीठाच्या भाषापरीक्षेत डीएसएच-2, किंवा टेल्क सी1 होखशूल लागतं. भाषा किंवा अनुवाद या विषयांत पुढे जाणाऱ्यांना हे टळत नाही. काही विद्यापीठं बी2 वर सशर्त प्रवेश देतात आणि तिथेच डीएसएचची तयारी करून घेतात. त्या काळाचा खर्च तुमचाच. तीन वर्षांची बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांनी अर्जापूर्वीच त्या विद्यापीठाला मेल करून विचारावं, कारण मास्टर्सला किमान 180 ईसीटीएस आणि कित्येक ठिकाणी 210 लागतात. तीन वर्षांची पदवी सगळीकडे पुरत नाही.

*बारावीनंतर बॅचलर.* नुसत्या बारावीवर थेट प्रवेश क्वचितच. एकतर श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे प्रवेशाआधीच्या तयारी वर्गाचं, एक वर्ष करायचं, किंवा भारतातल्या मान्य विद्यापीठात पहिलं वर्ष उत्तीर्ण होऊन त्याच विषयाच्या शाखेत अर्ज करायचा. तुम्ही आत्ता पहिल्या वर्षाला असाल तर हे दुसरं दार तुमच्यासाठी उघडं आहे, विषय मात्र बदलता येत नाही.

*बाकीचे.* ओ-पेअर म्हणजे जर्मन घरात राहून मुलं सांभाळायची. वय 27 च्या आत, अविवाहित, ए1, महिन्याला 280 युरो हातखर्च, राहणं-जेवण त्यांचं. भाषा सुधारते, क्रेडिट काहीच मिळत नाही. ऑस्ट्रियात सरकारी विद्यापीठं युरोपबाहेरच्यांकडून सेमिस्टरला 726.72 युरो घेतात, व्हिएन्नात भाषेचा पूर्वतयारी वर्गही असतो. अर्जाची यंत्रणा मात्र जर्मनीपेक्षा पूर्ण वेगळी आहे. स्वित्झर्लंडला खर्च डोक्यावरून जातो. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठानं 2025 च्या शरदापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क सेमिस्टरला 2,190 फ्रँक केलं आहे, आधीच्या तिप्पट.

पायरी 3: नाव एकसारखं करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त फायली इथेच अडतात. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर तेच उलट्या क्रमानं. पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि नावाचा दुसरा, त्यात वडिलांचं नाव कधी आलं, कधी गळलं. त्यात आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही वळणांची नावं. एकाच माणसाचं आडनाव शाळेत एका स्पेलिंगनं आणि बँकेत दुसऱ्या.

पासपोर्ट अजून काढला नसेल तर तुम्ही नशीबवान. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग जसंच्या तसं पासपोर्टवर घ्या. आडनाव आडनावाच्या रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर विमान तिकिटापासून ब्लॉक्ड अकाउंटपर्यंत (राहण्याच्या खर्चाचे पैसे ठेवायचं खातं, पायरी 7 बघा) प्रत्येक फॉर्म अडेल. सोलापुरात पासपोर्टचं काम होतं, मुख्य कार्यालय पुण्याचं. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1,500 रुपये. पोलीस पडताळणीला घरी कुणी नसलं तर फाईल परत जाते, तेव्हा शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

पासपोर्ट झालेला असून फरक असेल तर तो मोठा की किरकोळ ते बघा. क्रमाचा फरक सहसा चालतो. अक्षरांचा फरक असेल तर राजपत्रात नाव छापून घेणं किंवा बोर्डाकडून गुणपत्रक दुरुस्त करणं, यांतलं एक करावं लागतं, आणि दोन्हीला महिने जातात. गोएथेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. प्रमाणपत्र छापून आल्यावर बदल करून मिळणं अवघड.

पायरी 4: ट्रान्स्क्रिप्ट आणि एपीएस

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सर्व सेमिस्टरचं ट्रान्स्क्रिप्ट घ्या, बंद पाकिटातल्या निदान तीन-चार प्रती. त्यासोबत गुणदान पद्धतीचा कागद मागा: सर्वोच्च श्रेणी किती, उत्तीर्ण व्हायला किमान किती. तो गुणपत्रकाच्या मागे छापलेला असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. लोक पुढचीच पाठवतात आणि मग "अपूर्ण" असा शेरा येतो.

1 नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी दिल्लीच्या अकाडेमिशे प्रूफश्टेले, म्हणजे एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. तुमची गुणपत्रकं खरी आहेत का, याची ती तपासणी. फी 18,000 रुपये. संकेतस्थळावर नोंदणी, पैसे, मग त्यांच्या यादीप्रमाणे कागद. अल्पकाळच्या देवाणघेवाणीला आणि जर्मन सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना सूट असते. सूट कुणाला मिळते याची यादी त्यांच्याच पानावर आहे, ती वाचल्याशिवाय 18,000 भरू नका. उन्हाळी कोर्सला शेंगेनवर जाणाऱ्याला एपीएसची गरज नाही.

अर्जांच्या गर्दीत एपीएसला आठवडे लागतात. ऑक्टोबरला जायचं तर आदल्या डिसेंबर-जानेवारीत कागद गेले पाहिजेत. कुणी "अपोस्टिल करून देतो, मग एपीएस लागत नाही" म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. अपोस्टिल हा कागदांवरचा सरकारी शिक्का, तो एपीएसची जागा घेत नाही.

पायरी 5: तुमचे गुण त्यांच्या भाषेत

जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 काठावर पास. आपला सीजीपीए तिथे नेण्यासाठी बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र लावतात: सर्वोच्च श्रेणीतून तुमची श्रेणी वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण श्रेणीच्या फरकानं भागा, 3 नं गुणा, 1 मिळवा. समजा सीजीपीए 7.8, सर्वोच्च 10, उत्तीर्ण 4. 10 वजा 7.8 म्हणजे 2.2. भागिले 6, गुणिले 3, म्हणजे 1.1. अधिक 1, उत्तर 2.1. अभ्यासक्रमाच्या पानावर "2.5 किंवा त्याहून चांगलं" अशी अट असेल तर तुम्ही बसता. याच सूत्रानं 2.5 म्हणजे आपला 7.0. 6.5 वाल्याचं 2.75 येतं, त्यानं तो अर्ज करून पैसे घालवू नयेत. किमान उत्तीर्ण श्रेणीचा कागद हवा म्हटलं ते यासाठी: तिथे 4 ऐवजी 5 धरलं तर 7.8 चं 2.1 न राहता 2.3 होतं.

संस्थेची मान्यता अनाबिन या सरकारी संग्रहात बघा. एच+ असेल तर ठीक. एच+/- असेल तर विद्यापीठाला विचारा. एच- असेल तर थांबा. शोधताना कॉलेजचं नाव टाकू नका, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं टाका. सोलापूर विद्यापीठाचं नाव 2019 मध्ये बदललेलं असल्यामुळे दोन्ही नावांनी शोधून बघा.

पायरी 6: अर्ज

बरीच विद्यापीठं अर्ज युनी-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. पैसे त्यांच्या खात्यात पोचेपर्यंत अर्ज उघडतच नाहीत, आणि आपल्या बँकेतून युरो जायला तीन-चार दिवस सहज जातात. मुदतीच्या आदल्या रात्री पैसे भरणाऱ्यांची दरवर्षी हीच गत होते. सर्वसाधारण मुदती हिवाळ्यासाठी 15 जुलै आणि उन्हाळ्यासाठी 15 जानेवारी. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सच्या मुदती बऱ्याचदा मार्च ते मे मध्येच संपतात. काही विद्यापीठं युनी-असिस्टकडून फक्त व्हीपीडी नावाचा तपासणीचा कागद मागतात आणि मुख्य अर्ज आपल्या पोर्टलवर घेतात. हे दोन टप्पे आहेत हे न कळल्यामुळे पहिलाच करून वाट बघत बसणारे बरेच.

एजंटांबद्दल एवढंच: सरकारी विद्यापीठं त्यांना कमिशन देत नाहीत, काही खासगी देतात. "हमखास प्रवेश" म्हणून दाखवलेलं नाव खासगी असेल तर वर्षाचं शुल्क विचारा, मग फरक कळेल.

पायरी 7: पैसे

सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क बहुतेक ठिकाणी नाही. सेमिस्टरचं योगदान 100 ते 350 युरो, त्यात अनेक ठिकाणी बस-रेल्वेचा पास येतो. अपवाद दोन लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे हायडेलबर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूहला, युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 2024-25 च्या हिवाळ्यापासून बॅचलरला 2,000 ते 3,000 आणि मास्टर्सला 4,000 ते 6,000 युरो सेमिस्टरला.

डी व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992. युरो शंभर रुपये धरला तर जवळजवळ बारा लाख. एका सेमिस्टरसाठी सहा महिन्यांचे 5,952 पुरतात. हे पैसे तुमचेच राहतात, तिथे गेल्यावर महिन्याला ठरलेली रक्कम हातात येते. पाठवताना एका आर्थिक वर्षात 10 लाखांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ज्याच्या पॅनवर कापला त्यानं विवरणपत्रात तो मागून घ्यायचा. म्हणून वडिलांच्या खात्यातून पाठवायचं की आईच्या, हे सीएला आधी विचारा. बँक शुल्क वजा होऊन 11,890 पोचले तर खातं पूर्ण धरत नाहीत, तेव्हा वीस-तीस युरो जादा पाठवा.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, सारथी अशा वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. त्या मुख्यतः मास्टर्स आणि पीएचडीसाठी असून विद्यापीठाच्या क्यूएस या जागतिक क्रमवारीची अट असते. जर्मनीतली छोटी, चांगली आणि स्वस्त विद्यापीठं नेमकी त्या यादीबाहेर राहतात. शिष्यवृत्तीच्या भरवशावर जायचं असेल तर विद्यापीठ निवडतानाच यादी समोर ठेवा.

पायरी 8: व्हिसा

शेंगेनसाठी फी 90 युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि 15 दिवस आधी ही शेवटची मर्यादा. कोर्सचं पत्र, फी भरल्याची पावती, राहण्याची सोय, किमान 30,000 युरोचा प्रवास विमा, पालकांची विवरणपत्रं आणि बँक स्टेटमेंट, कॉलेजचं ना हरकत पत्र. अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात दोन लाख एकदम आले की शंका घेतली जाते. पैसे दोन-तीन महिने आधीपासून खात्यात असू द्या. कॉलेजच्या पत्रात पुढचं सेमिस्टर कोणत्या तारखेला सुरू होतं आणि तुम्ही हजर राहणार आहात, हे स्पष्ट लिहून घ्या. परत येण्याचं तेच सगळ्यात पक्कं कारण.

डी व्हिसाची फी 75 युरो. अर्ज आणि कागद आधी परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवायचे, मग प्रत्यक्ष हजेरी आणि बोटांचे ठसे. महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. बोलावणं मुंबईचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची, सकाळी दादरला उतरता येतं. प्रेरणापत्रात, म्हणजे का शिकायचं ते सांगणाऱ्या पत्रात, "जर्मनी ही अभियंत्यांची भूमी" छाप वाक्यं नकोत. इथे कोणते विषय केले, तिथल्या अभ्यासक्रमातले कोणते दोन-तीन विषय हवेत, नंतर काय करणार, एवढं एका पानात. नकार आला तर पूर्वीसारखी फेरविचाराची विनंती आता करता येत नाही. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. नव्यानं अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज नीट हवा.

पायरी 9: खोली, विमा, सामान

प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी श्टुडिएरेंडनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहाला अर्ज करा. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते. खासगी खोलीत "काल्टमीटे" म्हणजे नुसतं भाडं, "वार्ममीटे" म्हणजे हीटिंग वगैरे धरून. तुलना वार्ममीटेची करा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी. खोली दाखवण्याआधी पैसे मागणारा, "मी परदेशात आहे, किल्ली कुरिअर करतो" म्हणणारा हमखास ठग.

तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यानं सरकारी आरोग्य विमाच घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात, पण स्वस्त खासगी घेऊन एकदा सूट मागितली की त्या शिक्षणकाळात परत सरकारीत येता येत नाही. नावनोंदणीसाठी विमा कंपनी विद्यापीठाला एम10 नावाचा ऑनलाइन संदेश पाठवते. तो गेल्याची खात्री करा.

सामानात सोलापुरी चादर नेण्याचा मोह टाळा, 23 किलोत ती फार जागा खाते. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या. तूप, पेढे, खवा मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास बंदी आहे.

पायरी 10: पोचल्यावर आणि निघताना

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे तिथल्या नागरिक कार्यालयात, पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. त्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे सुरू होण्यात अडथळा येतो. मग विद्यापीठाची नावनोंदणी आणि व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. तिथली अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. घरटी 18.36 युरोचं मासिक प्रसारण (रेडिओ-टीव्ही) शुल्क येतं. एका घरात चौघं असाल तर एकानंच भरायचं, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. काम वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस करता येतं.

सेमिस्टरसाठी गेलेल्यांनी परतताना पत्त्याची नोंद रद्द करायची, विमा आणि प्रसारण शुल्क लेखी बंद करायचं, नाहीतर बिलं येत राहतात. ट्रान्स्क्रिप्ट ऑफ रेकॉर्ड्स शेवटच्या परीक्षेनंतर काही आठवड्यांनी निघतं. आंतरराष्ट्रीय कार्यालयाला स्वतःचा आणि विभागप्रमुखांचा, असे दोन्ही मेल पत्ते देऊन या. तो कागद आला की निघण्याआधी सही झालेल्या लर्निंग अग्रीमेंटसोबत विभागात जमा करा, आवक क्रमांक घ्या आणि क्रेडिट तुमच्या एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यावर चढले की नाही ते पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी तपासा.